आसूढाळ शिंगराची तान्हाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका; बेलमाथ्याच्या चार म्हाताऱ्यांना विचारलंत तर पाच उत्तरं मिळतील. करवंदी घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी वर यायची, देशावरची ज्वारी आणि गूळ खाली जायचा, आणि हे सगळं घोड्यातट्टांच्या पाठीवरून. घाट चढून आलेलं जनावर जिथं पहिला मोकळा श्वास घ्यायचं, ते बेलमाथा. तिथं रायाजी पागेदारांची पागा होती, आणि त्या पागेत तान्हाई होती.

तान्हाई मोतद्दाराची बायको. मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. नवरा गेला तेव्हा पागेदारांना प्रश्न पडला, आता घोडी कोण बघणार? ते माणूस शोधेपर्यंत तान्हाई पदर खोचून, हातात खरारा घेऊन पागेत उभी होती. लोक हसले. हसून दमले, आणि मग आपापली तट्टं तिच्याकडेच आणायला लागले.

तिची रीत साधी होती. घोडं घाट चढून आलं की आधी त्याच्या पोटाखालचा तंग सैल करायचा. मग त्याला हळूहळू फिरवायचं. अंगावरचा घाम वाळल्याशिवाय पाणी नाही, आणि पाण्यात गवताच्या चार काड्या टाकायच्या, म्हणजे ते हावरटासारखं ढोसत नाही. चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, बेतानं. खाली कोरडं गवत. आणि संध्याकाळी एकेकाचा पाय उचलून खुरात अडकलेला खडा, माती, शेण आकडीनं काढायचं. तान्हाई पाय ओढायची नाही. जनावराच्या खांद्याला आपला खांदा लावून उभी राहायची आणि म्हणायची, "दे गं माय." घोडं आपणहून पाय द्यायचं. असं म्हणतात, तिला उभ्या जन्मात कुठल्या घोड्यानं लाथ मारली नाही. माणसांना मात्र ती बोलण्यानं सणसणीत लाथा घालायची.

तिला एक मूल झालं होतं. ते रांगायला लागलं आणि देवीच्या साथीत गेलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण पागेतली चंद्री घोडी गाभण राहिली, तेव्हा तान्हाईला झालेला आनंद लपला नाही. चंद्री तिची लाडकी. दुधासारखी पांढरी, शांत, पागेदारांच्या घरची लक्ष्मी. तान्हाई येताजाता तिच्या पोटावर हात ठेवायची आणि आतली लाथ लागली की एकटीच हसायची.

चंद्री व्याली. तांबूस रंगाचं, लांब पायांचं शिंगरू झालं. आईनं चाटून चाटून त्याचं अंग वाळवलं, केस उभे राहिले, आणि पागेतले सगळे दोन पावलं मागं सरले. शिंगराच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. डोळ्यातून पाणी ओघळल्यासारखा.

घोडी पारखणारे त्याला आसूढाळ म्हणतात. असं घोडं ज्याच्या दारात, त्याच्या घरात आसवं, अशी समजूत. फुकट दिलं तरी असलं घोडं कुणी दावणीला बांधत नसे.

रायाजी पागेदार तसा मऊ माणूस. त्यानं कदाचित काणाडोळा केला असता. पण घरात त्याच्या थोरल्या बहिणीचा, कृष्णाआक्कांचा शब्द चाले. आक्कांचा नवरा लग्नाच्या वर्षीच घोड्यावरून पडून गेला होता, आणि ते घोडं आसूढाळ होतं. तेव्हापासून त्या भावाच्या घरी होत्या. नवऱ्याच्या मातीलाही त्या रडल्या नव्हत्या, असं लोक सांगत. त्यांनी शिंगराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "उजाडायच्या आत खालच्या रानात सोडून या."

रानात वाघरू होतं. सोडून या म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

तान्हाई पुढं झाली. "आक्कासाहेब, मला द्या त्याला."

"अगं, घरात आसवं आणंल ते."

"माझ्या घरात रडायला उरलंय कोन?"

आक्का म्हणाल्या, "ने. पण ते येशीच्या आत दिसता कामा न्हाई. आनि त्याला हात लावलास, तर तूबी येशीच्या आत पाय ठेवायचा न्हाई."

तान्हाईनं शिंगराला खांद्यावर घेतलं आणि वेस ओलांडली. मागं चंद्री खिंकाळत राहिली. तान्हाई वळून बघायला धजली नाही. बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

वेशीबाहेर ओढ्याच्या काठी जकातीची एक पडकी चौकी होती. तिथं ती राहिली. शेळीच्या दुधात फडक्याची वात बुडवून तिनं शिंगराला चोखायला शिकवलं. त्याचं नाव ठेवलं पाखऱ्या. सकाळ-संध्याकाळ गावातून चंद्रीची हाक यायची आणि पाखऱ्या कान टवकारून आपल्या किनऱ्या आवाजात उत्तर द्यायचा. तान्हाई त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायची, "हाय रं, आई हाय तुजी. लांब हाय, पन हाय."

इकडं पागेत काय झालं, ते ऐका. चंद्रीचं लेकरू गेलं आणि तिची रोजची बाईही गेली. घोडी चारा हुंगेना. आक्का कठोर होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं. वाईट वाटलं की आपल्या बायका काय करतात? खायला घालतात. "बाळंतीण हाय बिचारी," आक्का म्हणाल्या, आणि बाळंतिणीचं जे जे करतात ते ते सगळं त्यांनी घोडीचं केलं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद केल्या. शेकायला शेगडी ठेवली. गहू, हरभरे, गूळ आणि वर तुपाची धार असा तोबरा भरून स्वतःच्या हातानं घोडीच्या तोंडाला बांधला. गावातल्या बायकाही मागं राहिल्या नाहीत. कुणी खीर आणली, कुणी डिंकाचे लाडू. चंद्री आधी खाईना, मग गुळाच्या वासानं खायला लागली, आणि सगळ्यांना धन्य वाटलं. असं म्हणतात, एवढं कौतुक पागेदारांच्या घरात कुठल्या सुनेच्या बाळंतपणातही झालं नव्हतं.

मग एके दिवशी चंद्रीची हाक थांबली. पाखऱ्या कान टवकारून उभा राहिला, पण उत्तर द्यायला काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तान्हाईच्या तोंडचं पाणी पळालं. वेशीच्या आत जाता येत नव्हतं आणि बाहेर जीव राहत नव्हता.

शेवटी रायाजी पागेदार स्वतःच चौकीपाशी आला. शिंगरापासून चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "तान्हाई, चंद्री पाय उचलत न्हाई गं. पुढचे पाय लांब टाकून, मागं रेलून उभी ऱ्हाती नुसती. घाम गळतोय."

"खुरावर हात ठिवला का?"

"ठेवला. तव्यासारखा तापलाय."

"खायाला काय घालता धनी?"

रायाजीनं सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं. तुपाची धारही विसरला नाही. तान्हाईनं कपाळावर हात मारला.

"अवो धनी, ती घोडी हाय, बाई न्हाई! त्यो समदा दाना तिच्या खुरात उतरला. मायेनं मारलं की वो तिला."

आणि ती तिथंच मटकन बसून रडली. पण रडण्यात वेळ घालवणारी ती बाई नव्हती. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "दाना बंद करा. कोरडं गवत आन पानी, बास. आन तिला हितं वढ्यात आना. गार पान्यात, मऊ वाळूत चारी पाय बुडवून उभी केली तर वाचंल. पागंतल्या त्या दगडी फरशीवर ती चार दिस काढायची न्हाई."

"पर ती पाऊलच टाकत न्हाई."

तान्हाईनं वेशीकडं पाहिलं. गावातली गल्ली वेशीपासून पागेच्या दारापर्यंत सरळ होती आणि सगळी फरसबंद. तिनं पाखऱ्याच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळली, त्याला वेशीच्या उंबऱ्यापर्यंत नेलं, पण आत एक खूर टाकू दिला नाही. शब्द म्हणजे शब्द. मग ती त्याच्या कानात म्हणाली, "घाल साद आईला."

पाखऱ्या ओरडला. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कुठून आला, देव जाणे. असं म्हणतात, तो पलीकडच्या डोंगराला लागून परत आला.

पागेतून उत्तर आलं. चंद्री दारात आली. कशी आली, ते पाहणाऱ्यांनाही सांगता आलं नाही. तिनं फरशीवर पहिलं पाऊल टाकलं आणि तिचं सारं अंग थरथरलं. दुसरं टाकलं आणि गुडघ्यात वाकली. तान्हाई वेशीतून जिवाच्या आकांतानं ओरडली, "दगडावर नगा चालवू! मऊ काय तरी टाका तिच्या पायाखाली!"

कडब्याच्या गंजी तर वेशीबाहेर लांब खळ्यात होत्या. माणसं नुसती इकडंतिकडं बघत राहिली. तेव्हा घरातून कृष्णाआक्का आल्या. त्यांच्या हातात स्वतःची अंथरायची गोधडी होती. त्यांनी ती झटकून घोडीच्या पुढं अंथरली आणि खाली बसून तिची सुरकुती हातानं सारखी केली. चंद्रीनं त्यावर पाय ठेवला. जरा थांबली. मग दुसरा ठेवला.

एवढं दिसलं मात्र, आणि घराघरातून गोधड्या निघाल्या. लुगड्यांच्या, धोतरांच्या, ठिगळाठिगळांच्या, तान्ह्या बाळांच्या ओल्या दुपट्यांसकट. घोडी पुढं गेली की मागची गोधडी उचलायची आणि पळत जाऊन पुढं टाकायची. सबंध गाव वाकलं होतं. असं म्हणतात, चालता चालता चंद्रीला पान्हा फुटला आणि गोधड्यांवर दुधाचे थेंब पडत गेले, आणि ज्या घरांच्या गोधड्यांवर ते पडले, त्या घरांतली दुभती कधी आटली नाहीत. आता प्रत्येक घर सांगतं की आमच्याच गोधडीवर पडले. सांगू द्या.

वेस हाकेच्या अंतरावर आली आणि चंद्री थांबली. आता काही केल्या पाऊल उचलेना. मान खाली गेली. शिंगरानं दोरी ताणून ताणून तान्हाईचा हात कापला होता, पण तिनं ती सोडली नव्हती.

कृष्णाआक्का शेवटची गोधडी घेऊन वेशीपर्यंत आल्या होत्या. त्या शिंगरासमोर उभ्या राहिल्या. पहिल्या दिवसानंतर त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोळ्याखालचा भोवरा त्या बघत राहिल्या.

"तान्हे, सोड त्याला," त्या म्हणाल्या.

"आक्कासाहेब... येशीच्या आत?"

"सोड म्हनते ना."

दोरी सुटली. पाखऱ्या गोधड्यांवरून धडपडत, पाय गुंतवत पळाला आणि आईच्या पोटाखाली शिरला. चंद्रीनं मान वळवून त्याला हुंगलं आणि ती जिभेनं त्याचा डोळा चाटत राहिली, तिथंच, त्या भोवऱ्यावर.

कृष्णाआक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कितीतरी वर्षांनी. "ते घोडं माझ्या माहेरचं होतं गं," त्या तान्हाईला म्हणाल्या. "हे गेले, आनि सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हटलं. मी म्हटलं, पाय माझे न्हाईत, घोड्याचे. कुनाच्या तरी माथी मारल्याशिवाय जगता येईना मला."

तान्हाईनं आपला कापलेला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मोतद्दारणीनं पागेदारांच्या बहिणीला असं शिवायची रीत नव्हती. पण त्या दिवशी रीत कुणी पाहिली नाही.

घोडी ओढ्यापर्यंत गेली, शिंगराच्या मागं मागं. तान्हाईनं तिला गार पाण्यात उभं केलं, कोरडं गवत घातलं, वाढलेले खूर थोडे थोडे तासले. पावसाळा आला आणि चंद्री बरी झाली. पाखऱ्यानं पुढं घाटात किती जणांना पाठीवर नेलं, त्याची गणती नाही, आणि एकालाही त्यानं पाडलं नाही. त्याचा भोवरा आईनं चाटून चाटून नाहीसा झाला, असं म्हणतात. काही म्हणतात, भोवरा होता तिथंच होता, लोकांनी बघायचं सोडलं.

तान्हाई परत गावात राहायला गेली नाही. चौकीपाशीच तिनं पागा मांडली. ती कशी गेली, हे कुणी पाहिलं नाही. एका सकाळी चौकीचं दार उघडं होतं, सगळ्या घोड्यांचे खूर साफ केलेले होते, आणि म्हातारा पाखऱ्या आणि ती, दोघंही नव्हती. घाटाच्या कडेला एका कातळावर खुराची खूण आहे आणि शेजारी बाईच्या पावलाची. मी पाहिली आहे. पाऊस पडला की दोन्हींत पाणी साचतं.

आता घाटात डांबरी रस्ता आहे आणि बेलमाथ्यात औषधालाही घोडं सापडत नाही. पण गावची एखादी लेक सासरहून परत आली, टाकून दिलेली असो, कपाळ पुसलेली असो, कुणी तिला पांढऱ्या पायाची म्हणून धाडलेली असो, तर तिला वेशीतच थांबवतात. घराघरातून गोधड्या येतात. वेशीपासून तिच्या आईच्या दारापर्यंत त्या अंथरतात, मागची उचलून पुढं टाकतात, आणि तिचं पाऊल दगडाला लागू देत नाहीत. पहिली गोधडी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई टाकते. गुडघे दुखत असले तरी खाली बसते, सुरकुती सारखी करते आणि म्हणते, "ये बाय. सावकाश ये. आमी हातरतो तशी चाल."