वळणावरच्या घराची हाळी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगरांना वाटा होत्या, पण वाटांना नावं नव्हती. अशाच एका डोंगराच्या उतारावर छोटंसं गाव होतं, आणि त्या गावात राहायला सपाटीवरच्या नगरातून एक विणकर आला. एकटा जीव. नगरातल्या कलकलाटानं बिचाऱ्याचे कान किटले होते.

गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला आपल्या घराच्या खालचं, वळणावरचं रिकामं घर दाखवलं.

"घर आजपासून तुझं," म्हातारा म्हणाला. "रीत एकच. धुकं उतरलं, की दारात उभं राहून हाळी द्यायची. आधी वरच्या घराची, मग तुझी, मग खालच्याची. धुकं विरेपर्यंत असंच चालू ठेवायचं."

"देईन की," विणकर म्हणाला. होकार द्यायला काय जातं?

आठ दिवसांत धुकं उतरलं. वरून हाळ्या येऊ लागल्या, "होऽऽ! होऽऽ!" विणकराचे हात मागावर होते. तो मनाशी म्हणाला, "एवढी घरं ओरडतायत, माझ्या एकट्यावाचून काय अडणार आहे?" तो उठलाच नाही.

थोड्या वेळानं त्याच्या कुंपणापाशीच कुणीतरी ओरडलं, "होऽऽ!" विणकर चिडला. "शांततेसाठी इथवर आलो, तर लोक कुंपणाशी येऊन बोंबलतायत!" त्यानं कानात बोळे घातले. कांबळी विणणाऱ्याच्या घरी लोकरीला काय तोटा! पुढं जेव्हा जेव्हा धुकं आलं, तेव्हा तेव्हा बोळे आलेच.

एकदा तो विणलेली कांबळी घेऊन डोंगराखालच्या बाजाराला गेला. परतताना, भर दुपारी, अर्ध्या चढावर धुक्यानं त्याला गाठलं. स्वतःचे पायसुद्धा दिसेनात. तेवढ्यात खालच्या घराची हाळी आली. तिच्या रोखानं तो चढला. ते घर मागं पडलं, आणि विणकर जागच्या जागी थबकला.

पुढं वळण होतं. वळणाखाली खोल दरी होती. तिथं हाळी द्यायची ती त्याच्याच घरानं, आणि त्याच्या घरात तर कुणीच नव्हतं! पाऊल टाकावं तर कुठं टाकावं?

"होऽऽ!"

आवाज डावीकडून आला. विणकर भिंत चाचपावी तसा त्या आवाजाच्या अंगानं सरकत गेला. हाताला ओळखीचं कुंपण लागलं. कुंपणाशी घोंगडी पांघरून, धुक्यानं चिंब भिजलेला म्हातारा उभा होता.

"बाबा, तुम्ही? इथं?"

"मग काय करू? घरची हाळी देतो आणि पायऱ्या उतरून इथं येतो. ती दिली, की परत वर."

"प्रत्येक धुक्यात?"

"दरीला काय एकाच धुक्यात भूक लागते?"

विणकराची मान खाली गेली. "तुम्ही मला चार शब्द सुनवायला हवे होते, बाबा."

"सांगितलं होतं की, पहिल्याच दिवशी," म्हातारा हसला. "नव्या माणसाला डोंगराचे कान यायला वेळ लागतो. तोवर वळण मुकं ठेवून कसं चालेल?"

विणकराला रडू फुटलं. नगरात त्याच्या शेजारी शंभर घरं होती, पण त्याच्यासाठी असं भिजत कुणी उभं राहिलं नव्हतं. त्यानं म्हाताऱ्याला चुलीपाशी बसवलं, नवं कांबळं त्याच्या अंगावर घातलं, आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला. पहिली हाळी जरा चिरकीच निघाली. पण खालच्या घरानं तिला लगेच साद दिली.

पुढच्या धुक्यात म्हाताऱ्यानं आपल्या दारातून हाळी दिली आणि सवयीनं पायऱ्यांकडं वळला. तोच खालून खणखणीत आवाज आला, "होऽऽ!" म्हातारा माघारी फिरला, आणि कित्येक दिवसांनी धुक्यातली भाकरी त्यानं गरम गरम खाल्ली.

बाळांनो, आणि थोरांनो तुम्हीही ध्यानात ठेवा: शांतता शोधत कुठंही खुशाल राहायला जावं, पण तिथली आपल्या वाटणीची हाळी कधी चुकवू नये.