अकरावी खाच

सहाराच्या उत्तर कडेला तामेर्त नावाची खजुरीची वाडी आहे. तिथं जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी येतं आणि एका तांबड्या दगडाच्या खाचांमधून वाटलं जातं. दहा खाचा छिन्नीनं पाडलेल्या, सारख्या. अकरावी मात्र अरुंद आणि तिरकी. पाहुणे हटकून तिच्याविषयीच विचारतात, आणि मग म्हातारे हम्मूबाबा दगडाशेजारी बैठक मारतात.

फार पूर्वी, असे सांगतात, इथं बापामागं लेकीला झाडं मिळत, पाणी मात्र मुलग्यांचं. तुदाला नऊ खजुरी मिळाल्या. तिचा भाऊ बासू मनानं वाईट नव्हता, पण बहिणीला पाणी सोडायचं त्याच्या ध्यानातच राहत नसे. दोनदा तिनं आठवण करून दिली. तिसऱ्यांदा तोंड वेंगाडायची तिला लाज वाटली. खजुरीच्या तंतूंचे दोर वळून ती पोट भरी. बोगद्यात उतरणारा प्रत्येक जण तिच्याच दोरावर लोंबकळत खाली जाई. इकडे तिच्या झाडांचे शेंडे पिवळे पडत होते, आणि ते पाहून तिचा जीव तुटे.

एका वर्षी बोगदा ढासळला आणि वाडीचं पाणीच बंद झालं. पुरुष खाली उतरून खणू लागले. तुदा आणि वाडीतल्या बायका वरून मातीच्या पाट्या ओढू लागल्या. दोर काठावरच्या मऊ तांबड्या दगडावरून घासत जाई. चाळीस दिवस हे चाललं म्हणे. बासूला तुदानं रोज खाली सोडलं, रोज वर ओढलं.

अखेर पाणी आलं. दहा घरांसाठी त्याच दगडात दहा खाचा पाडून तो पाटात आडवा बसवला. पाहतात तो धारा अकरा. बासू अकरावी बुजवायला चिखलाचा गोळा घेऊन पुढं झाला.

"ही खाच कोणी पाडली?" पाणी वाटून देणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्यानं विचारलं.

"दोरानं," तुदा म्हणाली. "आणि दोर माझा."

"पण घरं दहाच आहेत, तुदे," बासू म्हणाला.

"मग बुजव, भावा. फक्त पुढच्या खेपेला तुझा दोर तूच वळ."

बायका हसल्या. बासूनं आपल्या कमरेवर उठलेल्या दोराच्या वळांवरून हात फिरवला. मग गोळा टाकून त्यानं कुदळ उचलली आणि अकराव्या खाचेपासून बहिणीच्या खजुरींपर्यंत स्वतः चारी खणली. तुदा त्या दिवशी जेवायलाही उठली नाही. आळ्यातल्या पाण्यात पाय सोडून सुखानं बसून राहिली.

आजही तामेर्तमध्ये लेकीला झाडांबरोबर अकराव्या खाचेतल्या पाण्याची पाळी मिळते. लग्नाच्या सकाळी भावानं तिची चारी उकरायची आणि बहिणीनं त्याच्या कमरेला नवा दोर बांधायचा, अशी रीत आहे. काही भाऊ कुरकुरत येतात, हे हम्मूबाबा कबूल करतात. त्यांना स्वतःला चार बहिणी. चारही चाऱ्या आपणच उकरल्या, असं ते कमरेवर हात ठेवून सांगतात. नवरीच्या पहिल्या झाडाला पाणी पोचेपर्यंत वरात हलत नाही.