भानुदास आणि हलणाऱ्या माना

नांदरखेडं म्हणून एक गाव. तिथे भानुदास नावाचा एक भोळा गडी राहायचा. वय तीस, लग्न व्हायचं होतं. कुणी काही सांगितलं की तो ते नीट ऐकायचा आणि तसंच करायचा. त्याच्यात दोष म्हणाल तर एवढा एकच.

त्याला नाद विमानाचा. खरं विमान परवडणारं नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरवरचं चालवायचा. समोर एक कॅमेरा असायचा. भानुदासने मान वळवली की कॅमेऱ्याला ते दिसायचं आणि विमानातला देखावाही तिकडे वळायचा. पण भानुदास दगडासारखा बसला तरी देखावा थरथरायचा. धावपट्टी नाचायची. रोज संध्याकाळी विमान समुद्रात.

तालुक्याला त्याचा मामेभाऊ निवृत्ती कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. भानुदासने त्याला फोन लावला.

"दादा, देखावा थरथरतोय."

"कॅमेरा हलत असेल. घट्ट बांध."

भानुदासने टोपीला वेताची काडी बांधली. काडीच्या टोकाला कॅमेरा बांधला, तोंड आपल्याकडे करून. थरथर पार थांबली. फक्त मान कुठेही वळवली तरी देखावा समोरचाच. डोक्याबरोबर कॅमेराही वळत होता. उजवीकडचा डोंगर दिसला नाही. विमान डोंगरात.

"अरे, डोक्याला काय बांधतोस?" निवृत्ती ओरडला. "घरात जे जागचं हलत नाही, त्याला बांध!"

भानुदासने घरभर पाहिलं. मांजर हलत होतं. पडदा हलत होता. तात्या, म्हणजे त्याचे वडील, सकाळी खुर्चीत बसले की जेवायलाच उठत. आत्या तर रोज म्हणायची, "हा माणूस जागचा हलेल तर शपथ." भानुदासने तात्यांची खुर्ची स्क्रीनमागे सरकवली आणि पंच्याने कॅमेरा त्यांच्या कपाळाला बांधला.

"हे काय रे?" तात्या म्हणाले.

"विमान उतरवतोय तात्या. हलू नका."

तात्या हलले नाहीत. विमान झकास खाली येत होतं. धावपट्टी हातभर राहिली आणि तात्यांनी तपकीर ओढली. पहिल्या शिंकेला धावपट्टी आभाळात गेली. दुसऱ्या शिंकेला समुद्र आला.

"भिंतीला!" निवृत्ती म्हणाला. "भिंतीला पक्का कर. आणि थोडी थरथर उरली तर प्रोग्रॅममध्ये फिल्टर वाढव. बारीकसारीक हालचाल धरायचीच नाही. ठळक हलेल तेवढंच खरं."

भानुदासने कॅमेरा भिंतीला ठोकला. खिळा कॅमेऱ्यातून ठोकला नाही, एवढं बरं. फिल्टर वाढवला. धावपट्टी गप्प झाली आणि विमान उतरलं. भानुदासच्या डोळ्यांत पाणी आलं. बारीकसारीक धरायचं नाही, हे त्याने मनात कोरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "दुधाकडे बघ." दूध बारीक हललं. भानुदासने ते धरलं नाही. मग दूध ठळक हललं, तेव्हा ते चुलीखाली होतं.

त्याच आठवड्यात वडगावला मुलगी पाहायचं ठरलं. मुलीचं नाव वैजयंता. शिकलेली, गोरीगोमटी आणि विशेष म्हणजे तिला भानुदास आवडला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय गं, पसंत आहे ना?" वैजयंताने लाजून मान किंचित हलवली. घरच्यांचे चेहरे खुलले.

"एवढं धरायचं नसतं," भानुदास म्हणाला. "ही नुसती थरथर आहे." आणि चपला घालून निघाला.

हे कळल्यावर निवृत्तीने कपाळ बडवून घेतलं. "अरे खुळ्या, ते विमानाचं! माणसांत उलटं असतं. मान इवलीशी हलली तरी पुरा होकार समजायचा! जा परत, माफी माग."

तात्यांनी वडगावच्या मंडळींची समजूत घातली. आत्याने पेढे दिले. "होकार आला की लगेच पहिला पेढा भरव," असं बजावलं.

यावेळी वैजयंताची आजीही शेजारी बसली होती. म्हातारी नव्वदीची, वयामुळे मान सारखी हलायची. वैजयंता मागच्या रागात होती. ती ताठ बसून राहिली.

भानुदासने माफी मागितली आणि विचारलं, "मी पसंत आहे का?"

मग त्याने माना पाहिल्या. वैजयंताची हलत नव्हती. आजीची हलत होती. एकदा नाही, दोनदा नाही, सारखी. एवढा भरघोस होकार त्याला जन्मात कुणी दिला नव्हता. त्याने पेढा काढला आणि आजीच्या तोंडात भरवला.

"तात्या, तिथी काढा," तो म्हणाला.

वैजयंताने पदर तोंडात कोंबला. आजीने मात्र पेढा सावकाश चघळला, गिळला आणि म्हणाली, "पोरगा मला पसंत आहे. पण बाहेर ओसरीवर माझे मालक बसलेत. एकदा त्यांना विचारून ये."

भानुदास उठला आणि ओसरीवर गेला.

"आजोबा," तो हात जोडून म्हणाला, "तुमच्या मंडळींचा होकार आहे. तुमची काही हरकत नाही ना?"

आजोबा खांबाला टेकून डुलक्या घेत होते. मान छातीपर्यंत खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली.

भानुदासने दुसरा पेढा काढला.