कॉम्प्युटरला उठवायचं कोणी?

“आठचे आठ हात वर दिसले पाहिजेत! एकही खाली राहिला, तर ‘पायवाट’ आजच बंद!”

भाऊसाहेब जगदाळ्यांनी टेबलावर थाप मारली आणि समितीतल्या आठही जणांचे चेहरे उतरले. भाऊसाहेब शंभर शाळांचे संस्थाचालक. एकदा बोलले की बोलले! जुने कॉम्प्युटर भंगारात जाऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्या शाळांसाठी लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोफत प्रणालीची नवी आवृत्ती तयार करवून घेतली होती. तिचंच नाव ‘पायवाट’. सगळं झालं होतं, पण एका गोष्टीवर घोडं अडलं होतं. बटण दाबल्यावर कॉम्प्युटरमधल्या बाकीच्या सगळ्या कामांना उठवणारा पहिला प्रोग्राम कोणता ठेवायचा?

प्रा. खांबेटे आणि त्यांचे तिघे म्हणत, जुनाच! “तो एकेकाला रांगेनं उठवतो. कोण उठलं नाही ते सरळ वाचता येतं.”

इंजिनिअर शबाना मुलाणी आणि त्यांचे तिघे म्हणत, नवाच! “तो सगळ्यांना एकदम उठवतो. मध्येच कोणी आडवं झालं, तर पुन्हा उभं करतो!”

“आणि साऱ्या घराच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावतो!” खांबेटे उसळत.

“तुमचा उठवेपर्यंत तास संपतो सर!” मुलाणी मॅडम फटकारत.

यातच पाच महिने गेले. शाळांमधले कॉम्प्युटर धूळ खात पडले.

“चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. दोन्ही ठेवायचे नाहीत. मला घाबरून हात वर करायचा नाही. राजीखुशीनं करायचा!” भाऊसाहेबांनी कप उचलला. “हा चहा संपेपर्यंत वेळ आहे.”

पहिला घोट होईतो पुन्हा तीच वादावादी सुरू झाली. दुसऱ्या घोटाला आवाज चढले. तिसऱ्या घोटाला खांबेट्यांनी चष्मा काढून हातात घेतला!

“साहेब, कप जरा खाली ठेवा.”

बोलल्या त्या तान्हाबाई गुंजाळ. ही सभा ज्या कॉम्प्युटरच्या खोलीत भरली होती, ती खोली सोळा वर्षं रोज उघडणाऱ्या शिपाईबाई. चहाही त्यांनीच आणला होता.

“आठ हात मी वर करून दाखवते.”

“तुम्ही?” भाऊसाहेबांच्या भुवया उंचावल्या. “यातलं तुम्हाला काय कळतं?”

“उठवण्यातलं? रोज इथले तीस कॉम्प्युटर उठवते, साहेब. त्याआधी घरी तीन पोरं आणि त्यांचा बाप!”

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. तान्हाबाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ‘कॉम्प्युटर उठला नाही तर फोन करा.’ खाली जागा मोकळी सोडली.

“ज्यांचा प्रोग्राम ठेवायचा, त्या चौघांचे नंबर इथं लिहायचे. शंभर शाळांच्या भिंतींवर पाच वर्षं हेच लागेल. फोन आला की त्यांनी धावायचं. दुसऱ्या चौघांना काही त्रास नाही! बोला, कोणाचे नंबर लिहू?”

मग खांबेटे खाकरले.

“तसं पाहिलं तर… नव्यातही बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत.”

“छे छे, सर!” मुलाणी मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. “नव्याला जुन्याची सर कुठून येणार! किती वर्षं वापरून पाहिलेला!”

“पण तुमच्याचा वेग!”

“पण तुमच्याचा साधेपणा!”

भाऊसाहेब चक्रावलेच. “अहो, हे तर उलटं भांडण झालं! तान्हाबाई, हात कुठं आहेत?”

तान्हाबाईंनी खडू तसाच पुढे धरून ठेवला.

मुलाणी मॅडम त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. पाच महिने आपण छातीठोकपणे सांगत आलो, आणि आता नंबर लिहायला कचरतोय? त्यांचे कान गरम झाले. त्या उठल्या, खडू घेतला आणि ठळक अक्षरांत स्वतःचा नंबर लिहिला.

“नाही उठला, तर मी उठवीन!”

त्यांचे तिघे एकमेकांकडे बघत उठले. त्यांनीही नंबर लिहिले. चार हात वर झाले.

पाचवा हात खांबेट्यांचा!

“नंबर लिहायची हिंमत दाखवलीस, मग माझं काही म्हणणं नाही. कुठं अडलीस तर मला फोन कर. पण त्या किल्ल्यांबद्दलचं माझं मत बदलणार नाही हं!”

“नका बदलू, सर!” मुलाणी मॅडम हसल्या. तेवढ्यात उरलेले तीन हातही वर गेले.

भाऊसाहेबांनी बोटानं मोजले. आठ!

“आणि तान्हाबाई, कोणीच नंबर लिहिला नसता तर?”

“तर मी माझा लिहिला असता, साहेब. आणि प्रोग्राम माझ्या मनासारखा ठेवला असता!”

“तुमच्या मनात कोणता होता?”

“बटण दाबल्यावर जो उठतो, तो!”

भाऊसाहेब खो खो हसले. “शाब्बास! आजपासून या समितीत नववी खुर्ची तुमची!”

“खुर्ची नको, साहेब!” तान्हाबाई दोन पावलं मागे सरल्या. “चांगली उभी आहे तोवर मला कामं सुचतात. खुर्चीत बसले की मतं सुचायला लागतील!”

आता तर खांबेट्यांनाही हसू आवरेना. भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथं हुकूम काढला. तान्हाबाईंनी स्वतः बटण दाबून ‘चालतंय’ म्हटल्याशिवाय ‘पायवाट’ एकाही शाळेत जायची नाही. आणि या कामाचा पगार वेगळा!