राखीव खुर्ची

कुडाळच्या इंदुमती धुरी उपचारांसाठी मुंबईत आल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पतीला बाजूला घेऊन महिनाभराची मुदत सांगितली. बाईंनी ते ऐकलं होतं. गावी परतण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी नाटक बघायचा हट्ट धरला आणि पेपरातल्या जाहिराती चाळून विनोदी नाटक निवडलं. "रडायला इस्पितळ होतंच," त्या म्हणाल्या.

परवडणारी तिकिटं फक्त बाल्कनीची होती, आणि जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर बाईंना धाप लागली. खाली पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पतीने त्या मागताच व्यवस्थापक कारखानीस गुरकावले, "त्या मान्यवरांसाठी राखीव आहेत. बाल्कनीवाल्यांनी वर जायचं."

"किती वाजता येणार आहेत ते?" बाईंनी विचारलं.

"मोठी माणसं वेळ सांगून येत नाहीत. आपण खुर्ची तयार ठेवायची."

"मलाही न्यायला एक मोठा पाहुणा येणार आहे, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "तोही वेळ सांगत नाही, पण डॉक्टर म्हणतात, महिन्याच्या आत नक्की येईल. तुमचे मान्यवर आधी आले, तर मी उठेन. माझा पाहुणा आधी आला, तर खुर्ची आपोआप रिकामी होईल. तुमचं नुकसान कशातच नाही."

कारखानीसांनी स्वतः हात धरून बाईंना पहिल्या रांगेत नेलं आणि शेजारच्या खुर्चीत पतीला बसवलं.

दुसऱ्या अंकात मान्यवर आले, तेव्हा बाई डोळे पुसत हसत होत्या. कारखानीसांनी त्यांना उठवलं नाही. मान्यवरांना दाराजवळ लोखंडी खुर्ची मिळाली.