वेड्यांचा दरवाजा

सरदार सर्जेरावांनी नवी पेठ वसवली. चौक झाला, हौद झाला, कारंज्यांची बाग झाली. तटाला रानाकडं जायला एकच दरवाजा होता, तोही चिणून टाकायचा हुकूम सुटला.

लोक गयावया करू लागले, "सरकार, तेवढी रानाची वाट राहू द्या. पोरं करवंदांना जातात, म्हातारी माणसं सावलीला बसतात."

सरदार गरजले, "बाग दिली ना? रानात जातात ते चोर, नाहीतर वेडे! उद्या भिंत उभी राहिलीच पाहिजे."

रोज रानातून बेल आणणारी भिवरा गुरवीण तेवढी गप्प होती. सरदारांचा घोडाही रोज सकाळी याच दरवाज्यातून रानात रपेटीला जातो, हे तिनं पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी घोडा बाहेर पडला आणि तिनं गवंड्यांना हाळी दिली, "सरकारचा हुकूम आहे, उरका!"

ऊन चढल्यावर सरदार परतले, तर समोर घोड्याच्या छातीएवढी भिंत!

"कोण आहे रे तिकडं? वाट द्या!"

भिवरानं भिंतीवरून डोकावून हात जोडले. "देते की, सरकार. पण रानातून आलेल्याला काय म्हणायचं, तेवढं सांगा. चोर, की वेडा?"

गवंड्यांनी हसू दाबलं. सरदार लालबुंद झाले. शेवटी पुटपुटले, "वेडा. रानात गेलो नाही, तर दिवस सुना जातो, बाई."

"आमचाही जातो, सरकार!"

भिंत तिथल्या तिथं उतरली. तेव्हापासून त्याला वेड्यांचा दरवाजा म्हणतात, आणि पेठेतली झाडून सारी शहाणी माणसं त्यातूनच ये-जा करतात.