ड्रॅगन कुठं झोपतो

चीनच्या एका बंदरात गोडं पाणी होड्यांतून विकत यायचं. ज्यांना ते परवडत नसे, त्यांची लेकरं गढूळ पाणी पिऊन आजारी पडायची. तिथलाच लिम सेंग सिंगापुरात व्यापार करून श्रीमंत झाला आणि गावाला नळ द्यायला परत आला.

बंदराचे अंमलदार को साहेब मात्र आडवे आले. पाण्याच्या होड्या त्यांच्या मेव्हण्याच्या होत्या. भर सभेत ते म्हणाले, "लिमशेठ, इथं जमिनीखाली ड्रॅगन झोपलाय. त्याला लोखंडी नळ टोचले तर तो चवताळेल. परदेशात राहिलेल्यांना हे काय कळणार?"

"खरं आहे, हुजूर. तो नेमका कुठं झोपलाय?"

"माझ्या हवेलीखाली. गोरगरिबांच्या झोपड्यांखाली ड्रॅगन झोपतो होय?"

"मग हुजुरांची हवेली तेवढी सोडतो," लिम नम्रपणे म्हणाला. सभा हसली. साहेबांना बोललेलं गिळता येईना.

उन्हाळ्यापर्यंत गल्लोगल्ली नळ आले. मेव्हण्याच्या होडीचं पाणी आता एकटे साहेबच प्यायचे. शेवटी ते लिमकडे आले.

"शेठ, एक नळ आमच्याकडेही द्या."

"आनंदानं, हुजूर. फक्त ड्रॅगनला विचारून कळवा. त्याचं बोलणं तुम्हालाच समजतं."